इंजिन बंद, पण दाब चालू

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात पलटी नांगर आणि डंपिंग ट्रॉल्या दिवसरात्र चालू असतात. कापसाच्या रिकाम्या रानात नांगरट चालते, शेणखत आणि गाळ वाहिला जातो, रावेर-यावलकडे केळीच्या गाड्या भरतात. ट्रॅक्टरच्या या कामांत दोन ताकदी असतात, हुकाची ओढ आणि तेलाचा दाब. दाब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचीच भीती कमी वाटते.

तेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पंपाने एका टोकाला दिलेला दाब पाइपमधून जसाच्या तसा जॅकपर्यंत, म्हणजे वजन उचलणाऱ्या नळकांड्यापर्यंत पोहोचतो. पास्कलचा नियम तो हाच. समजा दाब १५० बार आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १५० किलो. जॅकचा दट्ट्या (आत-बाहेर सरकणारा दांडा) १० सेंमी व्यासाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंमी भरते. हिशेब केला की १२ टनांच्या आसपास जोर निघतो. भरलेली ट्रॉली एका लिव्हरवर उचलली जाते ती अशी.

तोच दाब होज पाइपमध्येही असतो. पाइप बहुधा कपलिंगजवळ (पाइप जोडायच्या तोंडाजवळ), सारखा वाकतो तिथे चिरतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. सुरुवातीला फक्त टोचल्यासारखे वाटते, रक्तही फारसे येत नाही, म्हणून माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. पण आत गेलेले तेल मांसात आणि बोटांच्या स्नायूबंधांच्या वाटांनी पसरते. काही तासांत हात सुजतो, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गमवायची वेळ येऊ शकते. वरून मलम लावून हे बरे होत नाही, शस्त्रक्रिया करून तेल काढावे लागते. म्हणून लगेच दवाखाना गाठा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधताना पाइपवरून हात कधीच फिरवू नका. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा लांब काठीला बांधून पाइपजवळून फिरवा, धार असेल तर त्यावर तेलाचा डाग उमटेल. गळती सापडली की इंजिन बंद करून दाब सोडा, मगच पान्याला हात लावा.

दाब सोडायचा क्रम ठरलेला आहे. आधी अवजार किंवा ट्रॉली पूर्ण खाली टेकवा. इंजिन बंद करा. मग हायड्रोलिकचे लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवा. त्यानंतरच कपलिंग काढा. नांगर उचललेला ठेवून इंजिन बंद केले, तर त्याचे सगळे वजन तेलावरच तोललेले राहते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा आणखी एक अडचण येते. बांधावर सोडून ठेवलेल्या पलटी नांगराच्या बंद पाइपांत तेल तापून फुगते. त्याला जायला वाट नसते, दाब चढतो आणि दुपारी कपलिंग काही केल्या बसत नाही. अशा वेळी हातोडा मारणारे पुष्कळ. त्याने कपलिंगचे तोंड बिघडते आणि दाबाचे तेल अंगावर उडते. अवजार सावलीत ठेवा, सोडण्याआधी वरचा क्रम पाळा, कपलिंगला टोपण लावा. जोडताना दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसा, कारण धुळीचा कण आत गेला की व्हॉल्व्ह आणि सील घासले जातात.

डंपिंग ट्रॉलीचा जॅक बहुधा ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो. वर हिशेबात घेतलेल्या १० सेंमीच्या जॅकचा दट्ट्या एक मीटर बाहेर आला, तर जवळपास ८ लिटर तेल जॅकमध्ये जाते. म्हणून तेलाची पातळी ट्रॉली खाली टेकलेली असताना बघावी. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो आणि ट्रॉली धक्के खात चढते. उचलण्यापूर्वी मागचा फाळका उघडा आणि जमीन सपाट आहे ना ते पाहा. एक चाक खड्ड्यात असेल, तर ट्रॉली जितकी वर जाईल तितका तिचा तोल त्या बाजूला सरकतो. ओला गाळ एका कोपऱ्याला चिकटून राहिला तरी तेच होते. विजेच्या तारा उन्हात लांबून खाली झुकतात, त्यामुळे सकाळी मोकळी असलेली जागा दुपारी मोकळी असेलच असे नाही. ट्रॉली तारेला लागलीच, तर खाली उतरू नका, वीज बंद होईपर्यंत सीटवरच बसा. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली जायचे असेल, तर लोखंडी टेकू हवाच. पाइप फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता ओढीकडे. हुक मागच्या ॲक्सलच्या खालीच हवा. साखळी वरच्या लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा सीटमागे बांधली, तर ओढ ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकावर उलटतो. काळ्या मातीत रुतल्यावर चाकाला लाकूड बांधायची रीत याचमुळे जीवघेणी आहे. चाक अडकले की ॲक्सलचा जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धडच फिरवतो. चाकापुढची माती उकरा, वजन उतरवा, जमल्यास मागे घेऊन निघा.

उतारावर वजन ढकलू लागते. १० मीटरला १ मीटर उताराच्या रस्त्यावर ५ टनांची ट्रॉली सुमारे अर्ध्या टनाच्या जोराने दोन टनांच्या ट्रॅक्टरला पुढे रेटते, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. कन्नड घाटासारख्या ठिकाणी उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. क्लच दाबू नका, न्यूट्रल तर नाहीच. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले असावेत. नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॉली आडवी होते. ताशी १५ ऐवजी ३० किलोमीटर वेग असेल, तर थांबवायची ऊर्जा चौपट होते.

हुकाच्या पिनीला खालून लॉक-पिन घाला, सोबत सुरक्षा साखळी जोडा. पहिला किलोमीटरभर गेल्यावर थांबून दोन्ही पुन्हा बघा, कारण सैल बसलेली पिन पहिल्या दोन-चार खड्ड्यांतच वर सरकते.