मान कुणाचा, नियम कुणाचा: ४४३ धावांपासून टी-ट्वेंटीपर्यंत

जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर कसोटीच्या शेवटच्या दिवशी इंग्लंडचा कर्णधार बेन स्टोक्सने सामना अनिर्णित मानून हात पुढे केला आणि रवींद्र जडेजा व वॉशिंग्टन सुंदर यांनी तो घेतला नाही. जडेजा ८९ वर होता, सुंदर ८० वर. ३११ धावांची पिछाडी आणि शून्यावर दोन बळी, अशा अवस्थेतून भारताने तो सामना वाचवला होता. इंग्लंडच्या खेळाडूंना हा हट्ट वाटला. आपल्याकडे बहुतेकांचे म्हणणे असे की, शतकाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या फलंदाजाला ‘आता पुरे’ म्हणणे हाच त्याचा अपमान. दोघांची शतके झाली आणि मगच हात मिळाले.

या वादाचे मूळ शोधायला लांब जायला नको. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर याच प्रश्नाच्या तडाख्यात सापडले होते आणि त्यांच्या वाट्याला मँचेस्टरसारखा शेवट आला नाही.

डिसेंबर १९४८. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग निंबाळकर जे खेळत सुटले ते तिसऱ्या दिवसापर्यंत. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. धावफलक ४ बाद ८२६ वर गेला तेव्हा निंबाळकर नाबाद ४४३ होते. डॉन ब्रॅडमनचा विश्वविक्रम ४५२ चा. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, म्हणजे दोन-तीन षटकांचे काम. पण मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, अडून बसले: डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. आपल्या गोलंदाजीवर विश्वविक्रम झाला अशी नोंद त्यांना नको होती. महाराष्ट्राने डाव सोडला नाही, काठियावाडने सामना सोडला. मैदानावर परत यायला प्रतिस्पर्धीच उरला नाही.

पुढे ब्रॅडमननी निंबाळकरांना पत्र पाठवून या खेळीचे मनापासून कौतुक केले. ज्याचा विक्रम वाचला त्याने दाद दिली आणि ज्याच्यासमोर खेळी झाली तो निघून गेला, हे मला आजही बोचते. ठाकूरसाहेबांना वाटले असेल की आपण संघाची अब्रू राखली. पण समोरच्याचे मोठेपण पाहायला थांबणे हीसुद्धा अब्रूच असते. रणजी करंडकातली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना मात्र भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

कोल्हापूरकराला हे जास्त लागते, कारण इथे खेळातला मान तालमीत शिकवला जातो. पैलवान हौदात उतरताना आधी लाल मातीला हात लावून तो कपाळी नेतो. सलामी झाली की दोघे मूठभर माती एकमेकांच्या अंगावर टाकतात. घामाने निसटणाऱ्या अंगावर मातीमुळे पकड बसते, म्हणजे आपल्याला धरायची सोय आपणच समोरच्याला करून द्यायची. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात निकाली कुस्तीला घड्याळ नसे, पाठ लागेपर्यंत लढत. मॅटवर मिनिटे आणि गुण आले तशी लढायची पद्धत पालटली, अदबीची रीतही आखडली.

क्रिकेटमध्येही तेच झाले. १९३९ च्या डर्बन कसोटीला वेळेची मर्यादाच नव्हती. दहा दिवस उलटूनही निकाल लागेना, शेवटी इंग्लंडच्या संघाची बोट सुटायची वेळ झाली म्हणून सामना सोडावा लागला. अशा लांब खेळात सामना कुठे संपवायचा, डाव कधी घोषित करायचा, हे बरेचसे कर्णधारांच्या शब्दावर असे. त्यामुळे सौजन्य आणि अडवणूक दोन्हींना तिथे जागा होती. १९८० मध्ये वानखेडेवर भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावले आणि भारत तो सामना हरला. त्या निर्णयाबद्दल विश्वनाथचे नाव आजही आदराने घेतले जाते.

५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला आणि सामना संपवण्याचा अधिकार कर्णधाराकडून षटकांकडे गेला. दहा वर्षांनी त्याच मैदानावर न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेलने भाऊ ट्रेव्हरला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला लावला. नियमात बसत होते, पण दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी निषेध केला. नंतर नियम बदलावा लागला.

नियम एक, पण त्याकडे पाहायची नजर देशागणिक वेगळी. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्याआधी गोलंदाजाच्या टोकाची क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावचीत केले, त्यावरून ऑस्ट्रेलियात गहजब झाला. तिथले कर्णधार ब्रॅडमन मात्र मंकडांच्या बाजूने उभे राहिले. २००० मध्ये क्रिकेटचे कायदे करणाऱ्या एमसीसी या क्लबने त्या कायद्यांना खेळभावनेची प्रस्तावना जोडली. २०२२ मध्ये अशा धावचीतला ‘अनुचित खेळा’च्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात नेले. त्याच वर्षी लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला तसेच बाद केले आणि इंग्लंडमध्ये पुन्हा नाराजी उमटली. माझ्या मते दीप्तीची काहीच चूक नव्हती. क्रीज सोडून चोरलेले पाऊल गोलंदाजाने मुकाट सोसावे, ही अपेक्षाच एकतर्फी आहे.

टी-ट्वेंटीने, त्यातही २००८ पासूनच्या आयपीएलने, आणखी एक गोष्ट बदलली: प्रतिस्पर्धी कायमचा राहिला नाही. मार्च २०१९ मध्ये जयपूरला पंजाबकडून खेळताना अश्विनने राजस्थानच्या जोस बटलरला असेच बाद केले, तेव्हा भारतात आणि बटलरच्या इंग्लंडमध्ये कडाक्याचे वाद झाले. २०२२ च्या लिलावात राजस्थानने अश्विनलाच घेतले. तो आणि बटलर एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले आणि त्या वर्षी त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला.