रूट नेम सर्व्हर : देखरेख व सल्लागार यंत्रणा

इंटरनेटवरील नावांचा शोध जेथून सुरू होतो, त्या सर्व्हरांच्या संचालनावर लक्ष ठेवणारी व त्याविषयी सल्ला देणारी व्यवस्था. हे सर्व्हर ‘ए’ ते ‘एम’ अशा १३ अक्षरांनी ओळखले जातात आणि १२ स्वतंत्र संस्था ते चालवतात. १३ या आकड्याचे मूळ सामान्यतः यूडीपी (इंटरनेटवर छोटे संदेश पाठवण्याची एक पद्धत) उत्तराच्या जुन्या ५१२ बाइट मर्यादेत शोधले जाते. ती मर्यादा नावांना होती, यंत्रांना नव्हे; एकच पत्ता अनेक यंत्रांना देणाऱ्या एनीकास्ट पद्धतीमुळे या अक्षरांमागे आज जगभर हजाराहून अधिक यंत्रे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावी पेरणीच्या तोंडावर शेतकरी सेवा केंद्रात सातबारा काढायला जातो, तेव्हा रूटला, म्हणजे या सर्व्हरांना, फक्त ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची माहिती कोणाकडे आहे एवढेच विचारायचे असते, आणि ते उत्तर इंटरनेट सेवादात्याच्या रिझॉल्व्हरमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) दोन दिवसांपर्यंत साठवलेले राहत असल्याने बहुधा तेही विचारावे लागत नाही. तेथे काम अडते ते वीज गेल्याने किंवा रेंज नसल्याने.

या सर्व्हरांवर अधिकार कोणाचा, हा वाद जुना आहे. २८ जानेवारी १९९८ रोजी, इंटरनेटवरील नावे व क्रमांकांचे व्यवस्थापन पाहणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी, अमेरिकी शासनाच्या अखत्यारीत नसलेल्या आठ सर्व्हरांच्या चालकांना, रूटची यादी (‘डॉट इन’सारखी शेवटची नावे कोणाकडे आहेत याची नोंद) ती सांभाळणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीऐवजी आपल्या यंत्रावरून घेण्यास सांगितले व त्यांनी ते मानले. थोड्याच दिवसांत हा बदल मागे घेण्यात आला. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगितले. काही अभ्यासक तिला शासकीय नियंत्रणाविरुद्धचे पाऊल समजतात. नावांच्या कारभाराविषयीचा अमेरिकी शासनाचा मसुदा त्याच आठवड्यात आला, हे पाहता दुसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. मात्र दोन्ही मतांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते: चालकांनी आदेश पाळला नव्हता, त्यांनी एका माणसावर विश्वास टाकला होता.

इंटरनेटवरील नावांच्या कारभारासाठी त्याच वर्षी स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेमध्ये रूट सर्व्हर प्रणाली सल्लागार समिती, म्हणजेच आरएसएसएसी, काम करते. संचालन, सुरक्षा व अखंडता यांविषयी ती आयकॅनच्या संचालक मंडळाला व संबंधित समुदायाला सल्ला देते. चालकांना हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही. २०१४ मध्ये तिच्या जोडीला तज्ज्ञांचा कॉकस, म्हणजे सहायक गट, आला. रूट यादीतील बदल हा वेगळा विषय असून १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी शासनाची त्यावरील देखरेख संपली. सर्व्हरांच्या चालकांचे स्थान त्याने बदलले नाही.

नवा चालक कोणी नेमावा, कुचराई करणाऱ्याला कोणी दूर करावे आणि खर्च कोणी उचलावा, हे प्रश्न समितीने जून २०१८ मध्ये ‘आरएसएसएसी ०३७’ या प्रस्तावात प्रथमच सलगपणे मांडले व त्यानंतर त्यासाठी कार्यगट नेमला गेला. यांपैकी नेमणुकीचा प्रश्न सर्वांत कळीचा मानावा लागेल. कारण १२ चालकांपैकी नऊ अमेरिकेतील असून उरलेले तीन स्वीडन, नेदरलँड्स व जपान येथील आहेत. भारतात मुंबईसह काही शहरांत आहेत ती या परदेशी चालकांचीच यंत्रे.