उल्वा: किनाऱ्यावरच्या ढिगांपासून टाक्यांतल्या शेतीपर्यंत

अन्न, पशुखाद्य आणि कागदासारखे साहित्य बनवण्यासाठी आज हिरव्या समुद्री शेवाळाकडे, मुख्यतः उल्वाकडे, आशेने पाहिले जाते. खाण्याची रीत तशी जुनीच. जपानमध्ये वाळवलेल्या आओनोरीची, म्हणजे उल्वाच्याच एका प्रकारची, पूड नूडल्सवर भुरभुरवतात. शिमान्तो नदीच्या मुखाशी लोक हे शेवाळ पूर्वापार हिवाळ्यात गोळा करत. इतरत्र मात्र उल्वाचा विचार सुरू झाला तो त्याचा उपद्रव वाढल्यावर.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात दुसऱ्या महायुद्धानंतर डुकरे, कोंबड्या आणि दुभत्या गाईंचे पालन झपाट्याने वाढले. शेण-मूत आणि रासायनिक खतांतले नायट्रेट पावसाबरोबर नद्यांत व तिथून उथळ उपसागरांत उतरले. १९७०च्या दशकापासून त्यावर पोसलेल्या उल्वाच्या ढिगांनी तिथले किनारे दर उन्हाळ्यात हिरवे होऊ लागले. ढीग कुजला की वरचा थर वाळून कडक होतो आणि आत हायड्रोजन सल्फाइड कोंडून राहतो. पाय पडताच तो विषारी वायू बाहेर येतो. जुलै २००९मध्ये अशा ढिगात एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११मध्ये त्याच किनारपट्टीवर ३६ रानडुकरे मेली.

चीनच्या चिंगदाओला २००८मध्ये ऑलिंपिकच्या नौकास्पर्धेआधी १० लाख टनांहून अधिक शेवाळ उपसावे लागले. त्याचा उगम दक्षिणेला, च्यांगसूच्या किनाऱ्यावरच्या नोरी या खाद्य लाल शेवाळाच्या शेतीत सापडला: काढणीनंतर दोरांवरून खरवडलेले हिरवे शेवाळ तसेच समुद्रात जात होते.

एवढा माल उचलायचाच आहे तर वापरू या, हा विचार साहजिक होता. व्हेनिसच्या खाजणात माजलेले शेवाळ वाळवून, दळून इटलीतल्या फाविनी कंपनीने १९९०च्या दशकात कागदाच्या लगद्यात मिसळले. उल्वाच्या पेशीभित्तिकेत उल्व्हान नावाची गंधकयुक्त शर्करा असते. तिच्यापासून पातळ, विघटनशील पापुद्रे बनवण्याचे प्रयोग चालू आहेत. तरी किनाऱ्यावर पडलेला माल वाळूने भरलेला आणि लगेच कुजणारा. त्याचे कंपोस्ट होते, पण ते ताटात घेण्याजोगे नाही. शिवाय नायट्रेट जिथून येते ते शेत तसेच राहते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

म्हणून खरी वाट शेतीची. दक्षिण आफ्रिकेत अबॅलोन या मोठ्या समुद्री गोगलगायींच्या शेतांत त्यांचे अमोनियायुक्त सांडपाणी उल्वाच्या हौदांतून फिरवतात. उल्वा तो नायट्रोजन शोषून घेते, त्यातून तिच्यातली प्रथिने वाढतात, आणि तीच पुन्हा अबॅलोनला चारतात. जपानमध्येही आओनोरी आता जमिनीवरच्या टाक्यांत वाढवतात.

मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर पावसाळा सरला की उल्वा आपोआप उगवते, आणि कोकणातल्या कोळंबी तलावांचे पाणी खाडीत सोडले जाते. आफ्रिकेतली ही पद्धत आधी तिथे करून पाहावी.