पार्श्वभूमी : घरच्या फ्रीझरमधले मासे कायदा का मोजतो?

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात एक गृहस्थ शनिवारी तळ्यावर जातात. गळाला लागलेले चार पिकरेल मासे घरी आणून साफ करतात आणि फ्रीझरमध्ये टाकतात. रविवारी परत जातात, आणखी चार आणतात. परवाना खिशात आहे, दिवसाला चारची मर्यादा दोन्ही दिवस पाळलेली आहे. तरीही रविवारी संध्याकाळी त्यांच्या हातून कायदा मोडलेला असतो, कारण शनिवारचे चार अजून संपलेले नाहीत.

तिथल्या नियमांत मोजण्या दोन आहेत. दिवसभरात किती मासे धरून ठेवायचे ही एक, आणि कोणत्याही क्षणी तुमच्याकडे एकूण किती मासे असू शकतात ही दुसरी. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर दुसरा आकडा पहिल्याइतकाच असतो. त्यात हातातला मासा येतो, गाडीतून नेत असलेला येतो आणि गोठवून ठेवलेलाही येतो. पिकरेल हे वॉलआय माशाचं तिथल्या लोकांच्या तोंडातलं नाव. अनेक विभागांत त्याची मर्यादा क्रीडा परवान्यावर 4 आणि स्वस्तातल्या संवर्धन परवान्यावर 2 आहे. पिवळ्या पर्चची बऱ्याच ठिकाणी 50 आणि 25.

'बाळगणे' हे क्रियापद आपल्याकडच्या बातम्यांत गावठी कट्टा नाहीतर गांजा यांच्यासोबत येतं. स्वतः धरलेला, परवान्याने धरलेला मासा कुणी 'बाळगला' असं म्हटलेलं मराठी कानाला विचित्र वाटतं. कोकणात तर साठवण हा सुगरणपणाचा भाग. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, त्यामुळे त्याआधीच आगोटीची बेगमी करायची. बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा उन्हात कडकडीत वाळवून डब्यांत भरायचे. किती भरले हे शेजारीण विचारील, सरकार नाही. महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा होडी, जाळं आणि हंगाम यांच्याकडे बघतो, स्वयंपाकघराकडे नाही. मग उत्तर अमेरिकेतला कायदा चुलीपर्यंत कसा पोचला?

त्याची मुळं माशांत नाहीत, पक्ष्यांत आहेत. 1878 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याने गवताळ रानातल्या प्रेअरी चिकन या पक्ष्याच्या शिकारीवर दिवसाला 25 ची मर्यादा घातली. संख्येची अशी मर्यादा घालणारं ते तिथलं पहिलं राज्य मानलं जातं. 25 हा आकडा आज अवाढव्य वाटतो. पण त्या काळी रेल्वे आणि बर्फ यांच्या जोरावर रानातली शिकार शिकागो-न्यूयॉर्कच्या बाजारात पिंपं भरभरून जात होती, आणि पोटापुरतं मारणाऱ्याच्या जागी बाजारासाठी मारणारा आला होता. आकाश झाकून टाकणारे पॅसेंजर कबुतरांचे थवे याच दशकांत संपले. त्यांतली शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

मर्यादा घातली, पण ती पाळली गेली की नाही हे बघायचं कोणी? रानात शिकारी एकटा असतो, तळ्यावर गळवाला एकटा असतो. तो बंद हंगामात गेला की खुल्या, चार धरले की चौदा, याला साक्षीदार नाही. दिसतो तो फक्त हाती आलेला माल. म्हणून कायद्याने हळूहळू मारण्याच्या क्षणावरून नजर काढली आणि मालावर रोखली. बाळगण्याच्या नियमाचं सगळं मर्म माझ्या मते इथेच आहे. तो फ्रीझरविषयी नाहीच. जे पाहता येत नाही ते सिद्ध करण्याची ती पळवाट आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या पळवाटेला दोनदा हात दिला. 1896 च्या गीअर खटल्यात कनेटिकट राज्यात रीतसर मारलेले पक्षी राज्याबाहेर पाठवण्यासाठी बाळगल्याबद्दलची शिक्षा न्यायालयाने कायम ठेवली. रानातला जीव सर्व जनतेच्या मालकीचा, राज्य तिच्या वतीने विश्वस्त, त्यामुळे तो जीव कुणाच्या हाती कसा राहावा याच्या अटी राज्य घालू शकतं, असा तो युक्तिवाद होता. इंग्लंडमध्ये शिकार आणि नदीतला मासा राजाचा नाहीतर जमीनदाराचा असे. अमेरिकेने राजा काढून त्या जागी जनता बसवली, मालकीची कल्पना तीच ठेवली.

1908 चा सिल्झ खटला त्याहून मासलेवाईक. न्यूयॉर्कच्या या व्यापाऱ्याकडे बंद हंगामात दोन पक्षी सापडले. एक इंग्लंडमध्ये मारलेला, दुसरा रशियात. दोन्ही तिथल्या कायद्याप्रमाणे मारलेले, पैसे मोजून आयात केलेले. न्यूयॉर्कच्या रानातलं एक पीसही त्यांत नव्हतं. तरी त्याची अटक न्यायालयाने कायदेशीर ठरवली. परदेशी पक्षी चालवून घेतले तर इथले पक्षीही 'परदेशी' म्हणून विकले जातील आणि कायदा राबवताच येणार नाही, म्हणून सरसकट बाळगण्यावरच बंदी घालणं राज्याच्या अधिकारात आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

मधल्या काळात, 1900 मध्ये, आयोवाचेच प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाचा केंद्रीय कायदा झाला. एका राज्यात बेकायदा मारलेली शिकार दुसऱ्या राज्यात नेणं हा त्याने गुन्हा ठरवला. त्यात मासे नव्हते. ते आले 1926 मध्ये, तेही एका माशाच्या नावाने: ब्लॅक बास, अमेरिकन गळवाल्यांचा लाडका मासा. त्यासाठी केलेला वेगळा कायदा 1981 मध्ये लेसी कायद्यात विलीन झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1979 मध्ये, गीअर खटल्याचा पायाही उखडला गेला होता. निमित्त झाल्या ओक्लाहोमातल्या मिनो मासोळ्या. गळाला आमिष म्हणून लावायच्या त्या बोटभर मासोळ्या टेक्सासचा एक व्यापारी राज्याबाहेर नेत होता, आणि राज्याची 'मालकी' ही कायद्याने रचलेली कल्पित गोष्ट आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने या वेळी सांगितलं. बाळगण्याच्या मर्यादा मात्र टिकल्या. मालकीचा आधार गेला, संवर्धनाचा राहिला.

हे झालं कायद्याचं. मोजणी घरात शिरली ती यंत्रामुळे.

मासा नासतो, हीच मुळात त्याच्यावरची सगळ्यात जुनी मर्यादा होती. खारवा, धुरी द्या, वाळवा. पण ताजा मासा दोन दिवसांवर राहत नसे, त्यामुळे दिवसाची मर्यादा पुरेशी होती. 1912 च्या सुमाराला क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरला गेला. कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढताच मासा दगडासारखा गोठतो आणि काही महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने तिथल्या इन्यूट लोकांकडे पाहिलं. झटपट गोठवलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि मांस फाटत नाही, ही त्यातली गोम. 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचे गोठवलेले पदार्थ विकायला आले. घरोघरी स्वतंत्र फ्रीझर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधी गावोगावच्या शीतगृहांत लोक भाड्याने कप्पा घेत. ऑन्टारियोच्या नियमात 'कोल्ड स्टोरेज' हे शब्द वाचताना मला त्या कप्प्यांची आठवण होते.

तळघरात शवपेटीएवढा फ्रीझर आला आणि नासण्याची मर्यादा संपली. रोज चार धरणाऱ्याला महिन्याला शंभरावर मासे साठवता येऊ लागले, तेही एकही दिवस नियम न मोडता. हौस आणि धंदा यांच्यातली रेघ पुसट झाली. हौशी परवान्यावर धरलेला मासा विकायला कॅनडात मनाई आहे, पण ज्याच्या घरी शंभर फिले (काटे काढून कापलेले माशाचे तुकडे) आहेत तो ते सगळे स्वतःच खाणार आहे, यावर कोण विश्वास ठेवील?

या प्रश्नाला वेगवेगळ्या प्रदेशांनी दिलेली उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कॅलिफोर्निया म्हणतं, ताजा असो, गोठवलेला असो की आणखी कसा टिकवलेला, एका माणसाकडे सर्वसाधारणपणे एका दिवसाच्या मर्यादेइतकाच मासा हवा. अलास्का म्हणतं, बाळगण्याची मर्यादा फक्त न टिकवलेल्या माशाला. पंधरा दिवसांनंतरही खाण्याजोगा राहील अशा रीतीने टिकवला की तो मोजणीतून सुटला. बर्फाच्या खोक्यात तात्पुरता ठेवलेला किंवा नुसतं मीठ भुरभुरवलेला मासा मात्र सुटत नाही. म्हणजे जो फ्रीझर कॅलिफोर्नियात माणसाला अडकवतो, तोच अलास्कात सोडवतो. उन्हाळ्यातल्या सामन (सॅमन) माशावर वर्ष काढणाऱ्या प्रदेशात दुसरा नियम लोकांनी मानलाही नसता.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, तिसरंच उत्तर आहे. तिथे बाळगण्याची मर्यादा साधारणपणे दिवसाच्या दुप्पट असते, पण ती तुमच्या नेहमीच्या राहत्या घराला लागू नाही. उंबरठा ओलांडला की मोजणी थांबली. मग लोक विचारणारच, घर म्हणजे काय? याचं उत्तर नियम लिहिणाऱ्यांना खुलासेवार द्यावं लागलं: मासेमारीच्या जागी किंवा तळावर उभी केलेली, आत पलंग-शेगडी असलेली मोटारगाडी अथवा नांगरलेली होडी हे राहतं घर नव्हे. आठवडाभर होडीतच मुक्काम ठोकून 'हेच माझं घर' म्हणणारे महाभाग झाले असणार, त्याशिवाय एवढं लिहायची पाळी येत नाही. घर सोडून दिल्याची भरपाई तिथे वार्षिक मर्यादेने होते असं दिसतं. चिनूक सामन ठेवला की त्याची नोंद लगेच परवान्यावर करावी लागते, आणि या माशाचा हौशी गळवाल्यासाठीचा वर्षाचा आकडा 2019 मध्ये 30 वरून 10 वर आणला गेला.

ऑन्टारियोत मोजणी घरापर्यंत जाते, पण अधिकारी तितक्या सहज जाऊ शकत नाही. कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय कायद्यानुसार राहत्या घरात शिरायला रहिवाशाची संमती किंवा वॉरंट लागतं. त्यामुळे प्रत्यक्षात तपासणी होते ती रस्त्यावर, होडीच्या धक्क्यावर. मासा सोलून फिले केला की तो कुठल्या जातीचा हे भल्याभल्यांना सांगता येत नाही, म्हणून वाहतुकीत प्रत्येक फिलेवर कातडीचा मोठा तुकडा राखायचा, नग सुटे मोजता येतील असे बांधायचे. दहा फिले एकाच गोळ्यात गोठवून आणले तर आत काय आहे हे आणणाऱ्यालाही शपथेवर सांगता येणार नाही. इंग्लंडने हाच पेच आणखी वेगळ्या वाटेने सोडवला; 1986 च्या सामन कायद्यातला 'संशयास्पद परिस्थितीत सामन हाताळण्याचा' गुन्हा तिकडे विनोदांत गाजला असला, तरी तो चोरून धरलेला मासा विकत घेणाऱ्याला पकडण्यासाठी होता.

घरात काय आहे यावर राज्याने हात ठेवावा का, हा प्रश्न मराठी वाचकालाही अनोळखी नाही. महाराष्ट्र प्राणिसंरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि राज्याबाहेर कत्तल झालेल्या गोवंशाचं मांस बाळगणं हाही गुन्हा ठरला. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण बाळगण्याचं हे कलम खासगीपणाच्या हक्कावर घाला घालणारं म्हणून रद्द केलं, आणि निरपराधित्व आरोपीनेच सिद्ध करावं हे कलमही. विषय निराळा, भावना निराळ्या. तरी बाहेरून आलेला माल बाळगणं गुन्हा ठरवावा का, हा 1908 मध्ये सिल्झपुढे उभा राहिलेलाच पेच होता. तिथे न्यायालयाचा कौल राज्याच्या बाजूने गेला, इथे घराच्या.

या सगळ्यात 'हौशी' हा शब्दही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या मस्क्विअम समाजातले रोनाल्ड स्पॅरो यांच्यावर 1984 मध्ये खटला झाला, कारण त्यांचं जाळं परवान्यातल्या 25 फॅदमऐवजी 45 फॅदम लांब होतं (एक फॅदम म्हणजे सहा फूट). 1990 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अन्न, समाज आणि विधी यांसाठी मूलनिवासींनी मासे धरणं हा राज्यघटनेने राखलेला हक्क आहे आणि संवर्धनानंतर पहिला मान त्याचा. धंदा आणि हौस त्याच्या मागे. परवानाधारकाच्या फ्रीझरचं गणित त्या घरांना तसंच्या तसं लावता येत नाही.

पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलंडमध्येही हौस या शब्दाला वेगळीच धार आहे. 2 जुलै 1992 रोजी कॉड मासेमारी बंद झाली आणि सुमारे 30,000 लोकांचं काम गेलं. जो मासा पाच शतकं तिथलं जेवण, पगार आणि चलन होता, तो आता सामान्य माणसाला ठरावीक दिवशीच धरता येतो: माणशी दिवसाला 5, आणि तीन किंवा जास्त माणसं असली तरी होडीला 15. लोक त्याला हौशी मासेमारी म्हणत नाहीत, 'फूड फिशरी' म्हणतात. हिवाळ्यासाठी फ्रीझर भरायचा असतो, आणि तो पाच-पाचांनीच भरावा लागतो.

ऑन्टारियोतल्या त्या गृहस्थांपुढे मात्र मार्ग थोडेच आहेत. धरून लगेच न सोडलेला मासा शेजाऱ्याला दिला तरी तो धरणाऱ्याच्याच मोजणीत राहतो, त्यामुळे रविवारचे चार 'मित्राला दिले' म्हणून भागत नाही. शनिवारी रात्री चारही पिकरेल तळून संपवायचे, नाहीतर रविवारी गळाला लागेल तो पाण्यात परत सोडायचा.