ऊर्स, नुर्स, झुर्स

ताई पीएचडीसाठी फ्रान्सला गेली तेव्हा तिची लेक साडेतीन वर्षांची होती. तिकडे २०१९ पासून तिसऱ्या वर्षीच शिक्षण सक्तीचं झालंय, त्यामुळे भाची लगेच बालशाळेत. आठवडाभरात घरी तक्रार आली : "बाई सारखं मला 'शू, शू' म्हणतात. मला नसते आली!"

बाई बिचाऱ्या लाडानं 'मों प्ती शू' म्हणत होत्या. फ्रेंचमध्ये 'शू' म्हणजे कोबी, आणि 'माझा छोटासा कोबी' हे तिकडचं आपल्या 'माझं बाळ ते'सारखं लाडाचं बोलणं.

ही नुसती उच्चार जुळल्याची गंमत. अस्वलाचं प्रकरण मात्र जास्त खोल आहे. फ्रेंचमध्ये अस्वल म्हणजे 'ऊर्स'. भाची म्हणायची 'नुर्स'. कधी 'झुर्स'. चित्रात दोन अस्वलं असली की हमखास 'झुर्स'.

कारण तिच्या कानावर नुसतं 'ऊर्स' जवळजवळ कधीच पडत नव्हतं. 'एक अस्वल' म्हणताना ऐकू येतं 'अँ-नुर्स', अनेक असली की 'ले-झुर्स', 'ते अस्वल' म्हणजे 'लुर्स' आणि छोटं अस्वल 'प्ती-तुर्स'. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटी लिहिलेलं व्यंजन पुष्कळदा मुकं असतं. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की ते जागं होतं आणि त्या शब्दाच्या गळ्यात पडतं. याला 'लिएझों' म्हणतात. 'तत्' आणि 'अपि' मिळून 'तदपि' होतं हे शाळेत घोकलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की संधी सोडवायला आपल्यासमोर पुस्तक होतं. साडेतीन वर्षांच्या मुलीला तो कानानं सोडवायचा असतो.

मुळात बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. ती सोय कागदावरची. आरतीत 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं आणि 'शुभं करोति'मध्ये 'दीपज्योती'चा 'दीपक जोशी' होतो, तो याच कारणानं. फणिवर घरात कोणी पाहिलेला नसतो. फळी असते, जोशीही शेजारी असतात.

मग मूल शब्द तोडतं कसं? १९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना संगणकाचा सपाट आवाज ऐकवला : बिदाकुपादोतिगोलाबुतुपिरो... ना विराम, ना चढउतार. त्यात चार बनावट शब्द उलटसुलट क्रमानं पेरले होते. 'बि'नंतर 'दा' दर वेळी यायचं. 'कु'नंतर मात्र तीनपैकी काहीही. एवढाच काय तो सुगावा. फक्त दोन मिनिटं ऐकून बाळं खरे शब्द आणि दोन शब्दांच्या सांध्यावरचे तुकडे यांत फरक करू लागली. नवखे तुकडे ती जास्त वेळ ऐकत राहिली, त्यावरून ते कळलं. बोलता न येणारं पोर अक्षरांचा हिशेब ठेवतं!

भाचीचं 'नुर्स' हा त्याच हिशेबाचा मधला टप्पा. फ्रेंच घरांत जन्मलेली मुलंही तो गाठतात. ती 'नुर्स' म्हणतात, पक्ष्याला 'झ्वाझो' म्हणतात. पुढे न, झ, ल, त सगळे बदलत राहतात आणि 'ऊर्स' तेवढं टिकतं हे ध्यानात आलं, की व्यंजन आपोआप गळून पडतं.

काही वेळा ते गळतच नाही, आणि मग कोशकार हात टेकतात. लॅटिन 'हेडेरा'वरून आलेलं आयव्ही वेलीचं जुनं फ्रेंच नाव 'इएर' होतं. 'ल' हा उपपदाचा (इंग्रजी 'द'सारखा) तुकडा त्याला चिकटला तो कायमचाच. आज तिला 'ल लिएर' म्हणतात, म्हणजे उपपद दोनदा. बेंबीचा 'नोंब्रिल'ही असाच. त्याचा 'न' उसना आहे. उलटंही होतं. अलेक्झांडरमधलं 'अल' हे आपलंच उपपद आहे असं अरबीनं धरलं, 'अल-इस्कंदर' अशी फोड केली, आणि आपल्यापर्यंत पोचला तो सिकंदर.

परवा व्हिडिओ कॉलवर भाचीनं संत्रं दाखवून 'नोरांज' म्हटलं. ताईनं लगेच सुधारलं : 'ओरांज'. मी गप्प बसले. संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेला तेव्हा त्याचा 'न' शाबूत होता, स्पॅनिशमध्ये तो अजून आहे. इटली-फ्रान्सच्या वाटेवर कुणीतरी तो आधीच्या उपपदाचा समजून तोडून टाकला. पोरीनं तो परत जोडला होता.