गोवरात ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस कशासाठी?

गोवराच्या विषाणूवर थेट औषध नाही. तो श्वासावाटे पसरतो आणि त्यात दगावणारी बहुतेक लहान मुले अंगावरच्या पुरळाने नाही, तर न्यूमोनियाने दगावतात. सर्दी-खोकल्याच्या विषाणूंवर जीवनसत्त्वे देऊन पाहण्याचे प्रयोग पुष्कळ झाले, सर्दीवर ‘क’ तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण जीव वाचल्याचा ठोस पुरावा मिळाला तो गोवरात, ‘अ’ जीवनसत्त्वाचा.

पहिला पुरावा 1932 सालचा. लंडनमध्ये जोसेफ एलिसन या डॉक्टरांनी गोवर झालेल्या पाच वर्षांखालच्या 600 मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ‘अ’ जीवनसत्त्व दिले. त्या 300 पैकी 11 मुले गेली, उरलेल्या 300 पैकी 26. लवकरच जंतूंवरची सल्फा औषधे आली, मागोमाग प्रतिजैविके आली, आणि हा प्रयोग जवळजवळ पन्नास वर्षे अडगळीत पडला. ही उपेक्षा फार महागात पडली असे आम्हाला वाटते.

विषय पुन्हा वर आला तो डोळ्यांमुळे. इंडोनेशियात रातांधळेपणावर काम करताना नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सोमर यांच्या लक्षात आले, की डोळ्यांत ‘अ’च्या कमतरतेची सौम्य लक्षणे असलेली मुलेही इतरांपेक्षा जास्त मरतात. टांझानियातल्या 1987 च्या गोवरावरील अभ्यासानंतर त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी गोवरात ‘अ’ देण्याची शिफारस केली. 1990 मध्ये केपटाऊनला गंभीर गोवराच्या 189 मुलांवर चाचणी झाली. एकूण 12 मृत्यू झाले, त्यांतले 10 जीवनसत्त्व न मिळालेल्या गटात. तिथल्या 92 टक्के मुलांच्या रक्तात रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व, कमी होते, आणि डोळे पाहून ते कळण्यासारखे नव्हते.

श्वासनलिकेच्या आतले अस्तर ओलसर असते आणि त्यावरचे बारीक केस कफ वर ढकलत राहतात. ‘अ’ कमी पडले की हे अस्तर कोरडे, चपटे होते. गोवराचा विषाणू त्याच अस्तराला इजा करतो, वर ताप आणि अन्न न जाणे यांमुळे साठाही आटतो. मग जंतूंना फुप्फुसाची वाट मोकळी. इतर विषाणूंच्या न्यूमोनियात हाच डोस देऊन असा फायदा दिसला नाही, म्हणून खोकला दिसला की ‘अ’ पाजणे चूक.

डोस वयानुसार ठरतो: सहा महिन्यांखाली 50 हजार आययू (जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक), सहा ते अकरा महिने 1 लाख, वर्षापुढे 2 लाख. तोच डोस दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी लसीकरणातला ‘अ’चा नेहमीचा डोस कधी मिळाला होता, याचा विचार इथे करायचा नाही. डोळ्यांत कमतरतेची लक्षणे असतील तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा. आपल्याकडच्या लसीकरणातल्या सिरपमध्ये 1 मिलीत 1 लाख आययू असते. सोबतच्या चमच्यावर अर्ध्यावर 1 मिलीची खूण असते, काठोकाठ भरला की 2 मिली. घरातला चमचा वापरला की हिशेब चुकतो. बाटली उन्हात ठेवू नये, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवावी.

सर्वांत जास्त हुकतो तो दुसरा डोस. पहिल्या दिवशी ताप उतरला की आई पुन्हा येत नाही. आणि एकाच डोसने मृत्यू कमी होतात असे चाचण्यांत दिसलेले नाही, दोन डोसांनी मात्र दोन वर्षांखालच्या मुलांत ते स्पष्ट दिसले. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा गोवर-रुबेलाच्या जादा लसीबरोबर ‘अ’ही दिले गेले.

उलट बाजूही घडते. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि यकृतात साठते. 2025 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या साथीत, घरीच ते जास्त घेतलेल्या काही मुलांच्या यकृतावर परिणाम झालेला आढळला. तान्ह्या बाळाची टाळू फुगणे, उलट्या, डोकेदुखी ही अतिमात्रेची लक्षणे आहेत. ती दिसली तर पुढचा डोस थांबवून बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.