हरवलेल्या तुकड्यांचा माग

गाईला क्षयरोग आहे का, हे मानेच्या कातडीवरून कळतं. ट्युबरक्युलिनचा, म्हणजे क्षयाच्या जिवाणूंपासून काढलेल्या प्रथिनांच्या अर्काचा, अगदी छोटा डोस कातडीत टोचायचा, ७२ तासांनी त्याच जागी कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची. सूज ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरली की जनावर बाधित धरतात. अनेक देशांत मग त्याची कत्तल होते आणि उरलेल्या कळपाच्या ने-आणीवर बंदी येते. ज्याच्या गोठ्यात हे घडतं त्याला एकच प्रश्न छळत असतो: हे आलं कुठून? विकत आणलेल्या कालवडीबरोबर? कुंपणापलीकडच्या कळपातून? की रात्री कुरणात फिरणाऱ्या एखाद्या रानप्राण्याकडून? कातडीवरच्या सुजेकडे याचं उत्तर नसतं. ते असतं जिवाणूच्या डीएनएमध्ये.

या जिवाणूचं नाव मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. तो हाती लागणंच किती चिकाटीचं काम आहे पाहा. कत्तलीनंतर जनावराच्या लसिका ग्रंथी कापून तपासतात. जुनी गाठ असेल तर ती पिवळसर दिसते आणि सुरीखाली चुनखडीसारखी करकरते. तिचा अंश घेऊन प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे. आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूला दुप्पट व्हायला २० मिनिटं पुरतात, बोव्हिसला साधारण २० तास लागतात. त्यामुळे डोळ्यांना दिसेल एवढी वाढ व्हायला कित्येक आठवडे जातात. त्यातून त्याची खोड अशी, की माणसातल्या क्षयजंतूला मानवणाऱ्या ग्लिसरॉलवर तो नीट वाढत नाही, त्याला पायरुव्हेट घालावं लागतं.

जिवाणू मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते. क्षयाच्या जिवाणूंचं हे सगळं घराणंच एकमेकांसारखं आहे. बोव्हिस आणि माणसातला क्षयजंतू यांचा डीएनए ९९.९ टक्क्यांहून अधिक सारखा आहे. २००३ मध्ये बोव्हिसचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा तो सुमारे ४३ लाख अक्षरांचा, म्हणजे ओळीने जोडलेल्या तेवढ्या रासायनिक घटकांचा, निघाला, माणसातल्या जंतूपेक्षा थोडा लहान. बोव्हिसने वाटेत काही तुकडे गमावले आहेत. माणसाला क्षय गुरांकडून मिळाला असं पूर्वी मानत असत. पण जे तुकडे माणसातल्या जंतूने जपून ठेवलेत ते बोव्हिसमध्ये नाहीत, म्हणजे माणसातला जंतू बोव्हिसचा वंशज असू शकत नाही.

इतर अनेक जिवाणू एकमेकांकडून जनुकं उसनी घेतात. क्षयाचे जिवाणू घेत नाहीत. म्हणून एकदा गेलेला तुकडा कायमचा गेला, आणि त्या वंशातल्या पुढच्या प्रत्येक पिढीत तो नसणार. मला हा या विषयाचा गाभा वाटतो: जे उरलंय त्याइतकंच, किंबहुना जास्त, जे हरवलंय ते बोलतं.

हे हरवणं मोजण्याची सोपी पद्धत १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मांडली, स्पॉलिगोटायपिंग. क्षयजंतूच्या डीएनएत एका जागी ३६ अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो आणि दोन आवृत्त्यांच्या मध्ये दरवेळी वेगळा छोटा तुकडा असतो. आज जनुक-संपादनामुळे गाजलेल्या क्रिस्परचंच हे रूप. असे ४३ मधले तुकडे निवडून त्यांचे जोडीदार नायलॉनच्या पडद्यावर ओळीने चिकटवतात आणि तपासायच्या जिवाणूचा डीएनए त्यावरून फिरवतात. जिथे तुकडा जुळला तिथे काळा ठिपका, नसला तर जागा कोरी. हाती येते ती काळ्या-पांढऱ्या ४३ घरांची एक पट्टी. बोव्हिसच्या पट्टीत ३, ९, १६ आणि ३९ ते ४३ ही घरं कोरी असतात, जणू ते त्याचं आडनाव. याखेरीज आणखी कोणती घरं कोरी आहेत, त्यावरून वाण ठरतो.

जगभरच्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा एक नकाशाच उभा राहिला. ११वं घर कोरं असलेलं एक मोठं कूळ ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये माजलेलं आहे. तेच कूळ अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतही सापडतं. बोटींतून गुरं नेली तिथे त्यांच्या फुप्फुसांतला जंतूही उतरला. पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या कुळात ३०वं घर नाही, पूर्व आफ्रिकेतल्या कुळात ३ ते ७ ही सगळी घरं नाहीत. गुरांच्या व्यापाराचा इतिहास असा जिवाणूच्या रिकाम्या जागांत नोंदलेला पाहिला की थक्क व्हायला होतं.

पण दोन गोठ्यांमधला माग काढायला ही पट्टी फार ठोकळ आहे. एकच वाण अख्ख्या प्रदेशात पसरलेला असू शकतो, आणि तेच घर दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणेही कोरं होऊ शकतं. म्हणून जोडीला डीएनएतली काही ठरावीक पुनरावृत्ती किती वेळा येते ते मोजतात. आता मात्र अनेक ठिकाणी सरळ संपूर्ण जनुकसंचच वाचतात.

याचा सर्वात मोठा कस लागला तो इंग्लंडमधल्या बॅजरच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका निशाचर रानप्राण्याच्या, वादात. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये क्षयाने मेलेला बॅजर सापडला. बॅजर गुरांना रोग देतात की गुरं बॅजरना, यावर तेव्हापासून भांडण आहे, आणि २०१३ पासून तिथे बॅजरची परवाना देऊन हत्या चालू झाली. त्याच परगण्यातल्या वुडचेस्टर पार्कमधले बॅजर आणि आसपासची गुरं यांच्यातल्या जिवाणूंचे जनुकसंच पडताळून २०१९ मध्ये निष्कर्ष आला: संसर्ग दोन्ही दिशांना जातो, बॅजरकडून गुरांकडे अधिक वेळा. मात्र गुरांकडून गुरांना आणि बॅजरकडून बॅजरना तो त्याहूनही जास्त वेळा होतो. प्राणी मारावे की जनावरांच्या खरेदी-विक्रीवर नजर ठेवावी, याचा निर्णय अशा पुराव्याविना घेणं मला अन्यायाचं वाटतं. गुरांवरही आणि बॅजरवरही.

जनुकसंच वाचला म्हणून सगळं उलगडतं असं मात्र नाही. बोव्हिसच्या ४३ लाख अक्षरांत एक बदल व्हायला बऱ्याचदा काही वर्षं जातात. तेवढ्यात रोग चार जनावरांतून पुढे सरकला, तर चौघांतले जिवाणू अक्षरशः एकसारखे असतात आणि कोणी कोणाला दिला हे डीएनए सांगू शकत नाही. तिथे जनावरांच्या ने-आणीच्या नोंदीच कामी येतात.

एका अक्षराचं मोल माणसाच्या उपचारात तर फारच ठळक दिसतं. पाश्चरीकरण न केलेल्या दुधातून बोव्हिस माणसात येऊ शकतो. क्षयाच्या चार मुख्य औषधांपैकी पायराझिनामाइड त्याच्यावर चालत नाही. कारण पीएनसीए जनुकातल्या १६९व्या जागी सायटोसीन या अक्षराऐवजी ग्वानीन हे अक्षर आहे. एवढ्याने औषधाला जागं करणारं विकर निकामी होतं.

आणि गुरांचा क्षय म्हणजे बोव्हिसच, हेही आता गृहीत धरता येत नाही. वेल्लोरमधल्या ९०० हून अधिक मानवी नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बोव्हिस आढळला तो फक्त बीसीजी लशीसाठी दुबळ्या केलेल्या त्याच्याच वाणाच्या रूपात, एरवी नाही. काही रुग्णांत मात्र त्याचा भाऊबंद ओरिजिस होता, ओरिक्स या लांब शिंगांच्या कुरंगावरून नाव पडलेला आणि दक्षिण आशियातल्या गुरांतही आढळणारा. आरडी-४ नावाचा तुकडा नसणं ही बोव्हिसची खूण आहे. ओरिजिसमध्ये तो तुकडा शाबूत आहे. त्यामुळे त्या एका खुणेवर विसंबून गुरांकडून आलेला क्षय शोधला, तर ओरिजिस हाती लागतच नाही.